तीन बोटं उंची

मालनआक्का सहा सेंटिमीटरनं आखूड झाली आहे, असं चौकटीनं सांगितलं तेव्हा आक्का माझ्यासमोर चांगली ताठ उभी होती आणि तिला घाई होती.

"झालं का गं? धाची फेरी हाय माजी," ती चपला सरकवत म्हणाली.

मी पडदा हळूच माझ्याकडे वळवला. आजची उंची एकशे पन्नास. बारा वर्षांपूर्वीची एकशे छप्पन्न. घट सहा सेंटिमीटर, आणि ती सगळी धडात, पायांत काहीच नाही. खाली तांबडी पट्टी: मणक्यांची झीज, तीव्र. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. जलवाहतूक परवाना पुढील तपासणीपर्यंत स्थगित.

आक्का माझी चुलत जाऊ. वय सत्तेचाळीस. कोयनेच्या फुगवट्यावर आमच्या निवळीपासून पलीकडच्या पावशेवाडीपर्यंत सौरलाँच चालते, ती गेली चौदा वर्षं तिच्या हातात आहे. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर दोन तास, लाँचनं पंचवीस मिनिटं. शाळेची मुलं, बाळंतिणी, दुधाचे कॅन, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिनं पार केलेलं आहे. पाण्याखाली कुठे आंब्याचं खोड अजून उभं आहे आणि कुठे जुन्या देवळाची भिंत, हे तिला पाणी वरखाली होईल तसं पाठ असतं. जुनी निवळी धरणात गेली, त्यात तिच्या आजेसासऱ्यांचं घर होतं. त्या घरावरून लाँच गेली की ती भोंगा वाजवते. दिवसातून आठ वेळा. का वाजवतेस म्हणून कुणी विचारलं तर सांगते, घरावरनं जाताना हाक मारू नये व्हय?

तर अशा बाईला तू आखूड झालीस हे मला सांगायचं होतं. मी सांगितलं. तिनं आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाँचच्या टपाचा दांडा अजून माज्या कपाळालाच लागतोय. पयल्या दिवसापास्नं लागतोय. आखूड झाले असते तर त्याच्याखालनं गेले नसते व्हय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मला द्यायचं नव्हतं.

*

चौकट म्हणजे काय ते आधी सांगते. दिसायला ती नुसती दाराची चौकट आहे, आमच्या उपकेंद्राच्या पडवीत उभी केलेली. आत पाय ठेवला की खालची पाटी वजन घेते, आणि दोन्ही खांबांमधून डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी अंगावरून फिरतात. कपड्यांतून, केसांतून त्या आरपार जातात आणि कातडीवर आदळून परत येतात. उभी उंची, बसकी उंची, पायांची लांबी, हे सगळं चार सेकंदांत मोजून होतं. तिच्यासमोर कुणाला पोट आत ओढून फसवाफसवी करता येत नाही. आमच्या सरपंचांनी करून पाहिली आहे.

पूर्वी वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचे आणि जो आकडा येईल तो सगळ्यांना एकाच पट्टीनं लावायचे. डोंगर चढून उतरून काटक झालेली बाई आणि शहरात खुर्चीवर बसलेला माणूस, दोघांना एकच हिशोब. त्यात काटक बाई कुपोषित ठरायची आणि पैलवान लठ्ठ. नंतर संशोधकांच्या लक्षात आलं की माणसाची तुलना दुसऱ्याशी करण्यात हशील नाही, त्याची त्याच्याशीच करावी. माणूस कागदावर काढलेला नसतो, त्याला लांबी, रुंदी, जाडी तिन्ही असतात, म्हणून वजनाला उंचीच्या घनानं भागायचं आणि त्याला धड आणि पाय यांच्या प्रमाणाची जोड द्यायची. हा झाला देहांक. एका दिवसाच्या देहांकाला फारसा अर्थ नाही. पण दहाबारा वर्षांत तो कुठल्या बाजूला सरकला, याला 'कल' म्हणतात, आणि कलावरून हाडं, साखर, हृदय यांचं पुढच्या दहा वर्षांचं बरंचसं आधी कळतं. आमच्याच गावात दोघांचे झटके यामुळे टळले आहेत, त्यामुळे चौकटीवर लोकांचा विश्वास आहे, आणि माझाही आहे.

घनाची मात्र एक खोड आहे. उंचीत शंभराला चार चूक झाली, तर देहांकात ती शंभराला बारा होऊन बसते.

आणि कल काढायला दोन टोकं लागतात. आजचं टोक चौकट देते. दुसरं टोक बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा चौकटी नव्हत्या, म्हणून गावोगाव लाकडी पट्टी आणि वजनकाटा घेऊन हातानं मापं घेतली गेली. त्या नोंदीला पायामाप म्हणतात. निवळीचं पायामाप मी घेतलं होतं. हर्षदा शेलार, आरोग्यसेविका. त्याबद्दल मला तालुक्यात 'सर्वांत नेटकी नोंद' असं प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते आमच्या पुढच्या खोलीत टांगलेलं आहे आणि सासूबाई ते दर शनिवारी पुसतात.

*

बुधवारी डॉक्टर आल्या. डॉक्टर शर्वरी गुजर, तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी आक्काच्या पाठीचे फोटो काढले, उजेडात धरून दोनदा पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मणके वयाच्या मानानं छान आहेत," त्या म्हणाल्या. "मग सहा सेंटिमीटर गेले कुठे?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फोटोत दिसत नाही म्हणून झीज नाही असं त्यांना म्हणवत नव्हतं. लाँच चालवता चालवता पाठीत कळ येऊन ही बाई खाली बसली, तर मागं तीस माणसं असतात. हरवलेली उंची सापडेपर्यंत त्या सही करणार नव्हत्या. लाँचचा कारभार बघणाऱ्या समितीनं तोवर खालच्या गावचा एक चालक बदलीवर आणला होता, आणि पंधरा तारखेला कायमचा चालक नेमायचा होता. त्या तारखेपर्यंत आक्काला योग्यतेचा दाखला मिळाला नाही, तर लाँच तिच्या हातून गेली.

"निवळीतली ही अकरावी," डॉक्टर जाताना मला म्हणाल्या. "चौसष्ट बायकांत अकरा. डोक्यावर ओझी वाहून वाहून या बायकांचे मणके दबलेत. यावर मी लेख लिहायला घेतलाय."

अकरावी हा शब्द ऐकला आणि मला पळवाट राहिली नाही.

खरं सांगायचं तर सहाव्या-सातव्या बाईलाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. चौकट आमच्याकडे जानेवारीत आली आणि दोन महिन्यांत सगळं गाव तिच्यातून गेलं, एक आक्का सोडून. तिला फेऱ्यांमधून सवड नव्हती, परवान्याची वेळ आली तेव्हाच ती आली. आधीच्या दहा जणींना तांबडी पट्टी आली होती, आणि दहाही जणी मला एका ओळीत उभ्या असलेल्या आठवत होत्या. डोक्यावर कलश घेऊन. पण मी गप्प बसले, कारण त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट झालं होतं ते असं, की तांबडी पट्टी आलेल्या बाईला पाच किलोच्या वर ओझं उचलायचं नाही असा नियम आहे. त्यामुळे दहा घरांत पुरुष हंडे भरायला लागले होते. दहा बायकांना रोज अर्धा लिटर दूध आणि सकाळी तासभर फिरणं लिहून दिलेलं होतं, आणि त्या दहाही जणी नटूनथटून, गप्पा मारत धरणाच्या कडेनं फिरायला जात होत्या. त्यांतली एक माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्या सकाळी गुणगुणताना ऐकू येत होत्या.

*

बारा वर्षांपूर्वी मी तेवीस वर्षांची होते आणि लग्नाला चार महिने झाले होते.

आमच्याकडचे निम्मे पुरुष मुंबईला माथाडी कामाला. सगळं गाव एका जागी सापडायचं तर वाघजाईच्या यात्रेला. म्हणून तालुक्याहून साहेब आले ते यात्रेच्याच दिवशी. शाळेच्या वर्गात पट्टी उभी केली, काटा ठेवला आणि दुपारी बाराच्या आत आटपा म्हणाले, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईच्या गाड्या सुटणार होत्या.

यात्रेला आमच्याकडे अकरा सवाष्णींच्या डोक्यावर पाण्याचे कलश असतात. सकाळी घरातली मोठी बाई प्रत्येकीच्या डोक्यावर नव्या खणाची चुंबळ ठेवते आणि बुचड्याला दोऱ्यानं बांधते. वरून पदर. एकदा बांधलेली चुंबळ देवीपुढं कलश उतरेपर्यंत सोडायची नाही, सोडली तर वर्षभर विहिरीला पाणी टिकत नाही असं मानतात. कलशवाल्या बायका देवळाकडे निघाल्या, शाळा वाटेतच होती. साहेब म्हणाले, यांना आधी घ्या. मुलींनी कलश धरले आणि अकरा जणी माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

पहिल्या माझ्या सासूबाई. मी सरकती पट्टी खाली आणली, ती पदरावर टेकली, पदराखाली चुंबळ. चुंबळ सोडा असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? वर्गात सासरे होते, भावकीतले सात-आठ म्हातारे होते. साहेबांना सांगावं तर त्यांच्यापुढं आवाज फुटत नव्हता. मी बोटं लावून पाहिली. तीन बोटं उंचीची चुंबळ. आत्ता आहे तसं लिहावं, पुढं टिंब द्यावं आणि संध्याकाळी सगळ्यांच्यातून तीन बोटं वजा करावीत, असं मी ठरवलं. बसकी उंची घेतली तीही चुंबळीसकट, म्हणून तर आता ती घट सगळी धडात दिसत होती, अगदी मणके दबल्यासारखी.

संध्याकाळी यात्रेचा स्वयंपाक होता. पाचशे माणसांचा. टिंबांची आठवण मला दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, तेव्हा वही साहेबांच्या गाडीतून तालुक्याला पोचली होती. तिथं आकडे संगणकात गेले. टिंबं गेली नाहीत. आणि महिन्यानं प्रमाणपत्र आलं.

त्या दिवशी एक गंमतही झाली होती. मोजणाऱ्याला स्वतःचं माप घेता येत नाही, म्हणून आक्का म्हणाली, ये, तुझं मी घेते. तिनं पट्टी धरली आणि एकशे चोपन्न असा आकडा वाचला. परवा जानेवारीत मी चौकटीत उभी राहिले तर उंची एकशे अठ्ठावन्न. पस्तिशीत चार सेंटिमीटर वाढ. वाढीत धोका नसतो, म्हणून चौकटीनं काही न विचारता हिरवी खूण दिली. डॉक्टरांनी मात्र मला आठवडाभर चिडवलं, काय खाता ते आम्हालाही सांगा म्हणून.

*

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. दीपक हंडा उतरवत होता. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, सांगायला तर पाहिजेच, पण आईला तू सांग. मग थोड्या वेळानं म्हणाला, आणि ती चूक कुणी केली असं विचारलं तर? मी म्हटलं, मीच केली म्हणून सांगेन. बोलायला सोपं होतं. सुपरवायझरच्या जागेसाठी माझं नाव तालुक्याला गेलेलं होतं आणि त्या नावापुढं लिहिण्यासारखं एकच काम होतं, ते पायामाप.

मी आठवडाभर टाळलं. रोज मनाशी म्हणायची, उद्या. बारा तारीख आली. मी पावशेवाडीला लसी द्यायला निघाले आणि पहिल्यांदाच नव्या चालकाच्या लाँचमध्ये बसले. माणूस भला होता, लाँचच्या पडद्यावरची वाटेची रेघ सोडत नव्हता, आणि खोडांना भिऊन लांबून वळसा घेत होता. चाळीस मिनिटं लागली. जुन्या निवळीवरून लाँच गेली तेव्हा सगळ्यांनी गप्पा थांबवल्या. सवयीनं. भोंगा वाजला नाही. एका म्हातारबाबांनी पाण्याकडे बघून हात जोडले.

दुपारी परत आले तर आक्का धक्क्यावर बसलेली. रोज बसते, लोक म्हणाले. लाँचचा नवा दोर आला होता, तो ती मोजून कापून देत होती. मोजायची तिची रीत जुनी. दोन्ही हात आडवे पसरायचे, दोर या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत ताणायचा. एक वाव. मग पुढची.

मी तिच्यासमोर उभी राहिले.

"आक्का, ती उंची तुझी नव्हतीच. चुंबळीची होती. मी चुंबळीवरनं माप घेतलं."

"सात," आक्का म्हणाली आणि हात पसरले. "आठ. नऊ. धा." दहाव्या वावेला तिनं गाठ मारली, दोर खाली ठेवला. "म्हाईत हाय मला."

"म्हणजे?"

"माज्या डोक्यावरची चुंबळ मला कळायची न्हाय व्हय? पट्टी टेकली तवाच कळलं."

मला राग आला, तिचा नाही, पण तिच्यावरच निघाला. मी म्हटलं, मग डॉक्टरांपुढं का बोलली नाहीस? लाँच गेली असती तुझी पंधरा तारखेला.

"त्या दिशी बोलले असते तर तुज्या सासूनं भर शाळंत तुजा उद्धार केला असता. नवी नवरी तू. म्या म्हटलं असू दे, तीन बोटांनी काय व्हतंय." ती दोराची गुंडाळी करत राहिली. "आन् आता म्या बोलले असते तर लोक म्हणले असते, परवान्यासाठी जावंवर ढकलतीया. ते तूच बोलायला पायजे व्हतं. म्हटलं वाट बगू."

"आणि बोललेच नसते तर?"

"बोललीस की," आक्का म्हणाली.

मी तिथंच धक्क्यावर बसले आणि रडले. वाईट वाटून नाही. बारा वर्षं या बाईनं माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि मला पत्ता नव्हता. मला ती इतकी आवडली त्या क्षणी, की काय करावं सुचेना. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, रडून झालं असंल तर दोराचं दुसरं टोक धर.

*

पण नुसत्या माझ्या सांगण्यावर डॉक्टर सही करतील असं मला वाटत नव्हतं. बारा वर्षांनी सेविका येते आणि म्हणते माझं माप चुकलं. त्यातून ती बाई तिचीच जाऊ. मीही मानलं नसतं. पुरावा हवा होता, आणि तो माझ्या हातात होता, दोराच्या रूपात.

प्रशिक्षणाच्या पुस्तकात एक लहानसा परिच्छेद आहे. पसरलेल्या दोन हातांची लांबी, म्हणजे आपली वाव, ही तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असते. म्हातारपणी मणके दबतात, माणूस आखूड होतो, पण हातांची हाडं दबत नाहीत. वाव तेवढीच राहते. म्हणून कुणाची उंची खरंच घटली असेल तर वाव उंचीपेक्षा मोठी भरते. एखाद्याच्या बाबतीत दोनचार सेंटिमीटर इकडेतिकडे होतं, पण अकरा जणींच्या बाबतीत सगळं एकाच बाजूला होणार नाही. आक्कानं गाठ मारलेला दोर मी टेपनं मोजला. दहा वाव, पंधरा मीटर. म्हणजे एक वाव दीडशे सेंटिमीटर, चौकटीनं दिलेल्या आजच्या उंचीएवढीच. आक्का कधीच एकशे छप्पन्न नव्हती.

उरलेल्या दहा जणींना मी दुसऱ्या दिवशी वाघजाईच्या देवळापुढं बोलावलं. फिरायला जायच्या कपड्यांतच आल्या सगळ्या. मी आधी काय झालं ते सांगितलं, सगळ्यांसमोर, सासूबाईंकडे बघत. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की उंची परत मिळाल्याचा आनंद कुणालाच झालेला नाही. एकीनं विचारलं, मग दुधाचं काय? दुसरी म्हणाली, माझा नवरा नुकताच हंडा न सांडता आणायला शिकलाय, आता मध्येच हे काय काढलंस.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, बारा वर्षांपूर्वीचा उद्धार आता होणार.

"मालनची लाँच जातीया आन् तुमास्नी दुधाचं पडलंय," त्या म्हणाल्या. "हात पसरा."

त्यांनी स्वतः आधी पसरले. वाव एकशे त्रेपन्न, आजची उंची एकशे बावन्न, पायामाप एकशे अठ्ठावन्न. एकेक करून दहाही जणी मोजल्या. काहींची वाव उंचीहून एखादा सेंटिमीटर जास्त भरली, काहींची कमी. पायामापाला मात्र एकीचीही पोचली नाही, सगळीकडे तीच पाच ते सात सेंटिमीटरांची तफावत. मग पडताळ्यासाठी मी कलश न घेतलेल्या वीस बायका मोजल्या, त्यांचं सगळं जुळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्या रागावल्या आहेत का हे मला कळेना. "चुंबळ म्याच बांदली व्हती," त्या म्हणाल्या, "मलाबी सुचाया पायजे व्हतं." आणि आत जाऊन त्यांनी चहा टाकला, माझ्यासाठी पण.

*

चौदा तारखेला डॉक्टरांना मी खास फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी कागद पाहिला, आकडे पाहिले, चुंबळीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग कागद खाली ठेवला. मला त्यांच्या लेखाचं वाईट वाटत होतं.

"म्हणजे माझे दबलेले मणके म्हणजे देवीची चुंबळ," त्या शेवटी म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की आक्काही हसली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, तुम्हाला लेखी समज मिळेल, सुपरवायझरचं या वर्षी विसरा. मी मान हलवली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं वाटलं.

दहा जणींची तांबडी पट्टी त्यांनी काढली. पण गावच्या नोंदीत एक ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली: हंडे पुरुषांनी भरण्याची पद्धत आरोग्यास उपकारक दिसते, ती चालू ठेवावी. दीपकनं ती ओळ वाचली आणि हंडा उचलून निघून गेला.

पायामाप दुरुस्तीचा अर्ज मी भरला. अकरा नावं, जुनं माप, खरं माप, कारण. साक्षीदार म्हणून आक्काची सही. ती डॉक्टरांच्या ताज्या सहीचा दाखला खिशात घालून, बाराच्या फेरीच्या आधी तेवढ्यासाठी थांबली होती, अंगात लाँचचं जाकीट.

"आता दुरुस्ती चाललीच आहे तर तुमचंही घ्या," डॉक्टर मला म्हणाल्या. "बाराव्या ओळीत. एकशे चोपन्न चूक, एकशे अठ्ठावन्न बरोबर. पस्तिशीत कुणी वाढत नाही."

मी लिहायला लागले तर आक्कानं कागदावर हात ठेवला.

"ते कशापायी? तिचं माप म्या घेतलं व्हतं. पट्टी नीट धरली व्हती, चुंबळ न्हाय, काय न्हाय. जेवढी व्हती तेवढी मोजली."

"पण आक्का, चार सेंटिमीटर कुठून आले मग?" डॉक्टर म्हणाल्या.

आक्कानं नुसती हनुवटी छातीशी नेली, खांदे पाडले आणि डोळे जमिनीला लावले. क्षणभर माझ्यासमोर शाळेचा वर्ग उभा राहिला, सासरे, साहेब, भावकीतले म्हातारे, आणि पट्टीखाली पदर घेतलेली तेवीस वर्षांची मी. मग आक्का पुन्हा ताठ झाली, सही केली आणि बाराची फेरी हाय म्हणून धक्क्याकडे गेली.

मी बारावी ओळ भरली. नाव लिहिलं. जुनं माप एकशे चोपन्न, खरं माप एकशे चोपन्न. डॉक्टर बघत होत्या. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर मी विचार करत राहिले, तोवर लाँच पाण्याच्या मध्यावर पोचली असावी, कारण जुन्या निवळीवरून भोंगा ऐकू आला.

मग मी लिहिलं: माप बरोबर होते. तेव्हा मान खाली होती.

डॉक्टरांनी खाली सही केली.